तंजावरचा जर्मन मास्तर आणि आपला इंग्रजीचा तास

इंग्रजीच्या शिक्षकाविषयी बोलायची वेळ आली की आपल्याकडची चर्चा दोनच प्रश्नांपाशी अडकते. सर फाडफाड बोलतात का? मॅडमचे उच्चार कॉन्व्हेंटवाल्यांसारखे आहेत का? त्यांना हा विषय किती येतो, हे सहसा कुणी विचारत नाही. गणिताच्या शिक्षकाला गणित यायला हवे, हे सगळ्यांना कळते. इंग्रजीच्या शिक्षकाला मात्र इंग्रजी बोलता आले की पुरे, असे मानले जाते. तेही येत नसेल तर गाईड, अपेक्षित प्रश्नसंच आणि पाठ केलेला निबंध यांवर वर्ष काढले जाते.

ज्या घरात दोन-तीन पिढ्या इंग्रजी आहे, तिथल्या मुलाचे यात फारसे बिघडत नाही. शाळेत चुकीचे शिकवले तरी आई, काका, शिकवणी, घरातले पुस्तकांचे कपाट यांपैकी कुणीतरी ते दुरुस्त करते. पहिल्या पिढीच्या पदवीधराला ही सोय नसते. त्याचा इंग्रजीशी येणारा एकमेव संबंध म्हणजे शाळेतला तो पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास. तो वाया गेला की पुढे काय होते, हे या सदराच्या वाचकांना सांगायला नको. बारावीपर्यंत वर्गात पहिला येणारा मुलगा पदवीच्या पहिल्या वर्षी शेवटच्या बाकावर गप्प बसतो. प्रबंधाचा विषय डोक्यात पक्का असतो, पण कागदावर उतरत नाही. मुलाखतीत उत्तर माहीत असते, वाक्य सापडत नाही. म्हणून शिक्षकाचे विषयज्ञान हा आपल्याकडे केवळ अध्यापनशास्त्राचा प्रश्न राहत नाही. तो जातीचा प्रश्न आहे.

हा प्रश्न जुना आहे, आणि तो समजून घ्यायचा तर तंजावरकडे पाहावे लागेल. राजेरजवाड्यांचे कौतुक करण्यासाठी नव्हे, तर इंग्रजी कुणाला मिळाली, कुणाकडून मिळाली आणि कुणासाठी दार बंद राहिले, हे तिथे अगदी स्वच्छ दिसते म्हणून.

तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले आणि १८३२ पर्यंत राहिले. त्यांचे शिक्षण ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. पुढे मद्रासमध्ये गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याने त्यांना शिकवले. १८२६ साली बिशप हेबर तंजावरला आले, तेव्हा हा राजा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ अशा शास्त्रज्ञांबद्दल सफाईने बोलतो आणि शेक्सपियरबद्दल स्वतःचे मत राखून आहे, हे पाहून ते थक्क झाले. सरस्वती महाल ग्रंथालयातली सरफोजींनी जमवलेली हजारो युरोपीय पुस्तके आजही त्या वाचनाची साक्ष देतात.

या गोष्टीतला एक तपशील सहसा सांगितला जात नाही. सरफोजींचे हे दोन्ही शिक्षक इंग्रज नव्हते, जर्मन होते. श्वार्ट्झचा जन्म १७२६ सालचा, प्रशियातला. इंग्रजी त्याची मातृभाषा नव्हती. मोठेपणी, कामाची गरज म्हणून त्याने ती शिकून घेतली होती. तमिळ, मराठी, फारसी याही भाषा त्याने अशाच शिकल्या. एक भाषा दुसरीपासून कुठे वेगळी वळते, शिकणारा कुठे अडखळतो, हे त्याला स्वतःच्या कष्टातून माहीत होते. म्हणजे आपल्या उपखंडात इंग्रजीत सर्वात लवकर मुरलेल्या माणसांपैकी एकाला इंग्रजी शिकवली ती 'परक्या' उच्चाराच्या माणसांनी. त्यांच्या उच्चाराने काही अडले नाही, कारण त्यांच्याकडे विषय होता.

ही गोष्ट इथेच संपवली तर ती दरबारी गोष्ट होईल. त्याच तंजावरात १७८०च्या दशकात, कंपनीचा रेसिडेंट जॉन सलिव्हन याच्या कल्पनेतून आणि श्वार्ट्झच्या हातून, इंग्रजी शिकवणारी शाळा उघडली. रामनाड आणि शिवगंगा इथेही तशाच शाळा निघाल्या. १७८७ साली कंपनीच्या संचालकांनी अशा प्रत्येक शाळेला वर्षाला २५० पॅगोडांचे अनुदान मंजूर केले. सरकारी पैशावर चाललेल्या सुरुवातीच्या इंग्रजी शाळांत यांची गणना होते. आणि तिथे शिकायला आली ती मुख्यतः ब्राह्मण आणि दरबाराशी संबंधित घरांतली मुले. कंपनीला कारकून हवे होते, त्यांना नोकऱ्या हव्या होत्या. सौदा जुळला.

मिशनच्या वर्तुळातही चित्र फारसे निराळे नव्हते. १८२०च्या दशकात नव्या मिशनऱ्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र बसवायचा आणि एकत्र जेवू घालायचा आग्रह धरला, तेव्हा तंजावरच्या वेल्लाळ ख्रिश्चनांनी कडाडून विरोध केला. श्वार्ट्झचाच शिष्य आणि नामवंत तमिळ कवी वेदनायगम शास्त्री या विरोधाचा आवाज होता. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधला जातिभेद बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा कित्येकांनी जात सोडण्याऐवजी चर्च सोडणे पसंत केले. धर्म बदलला, पुस्तक बदलले, भाषा बदलली. बाकावर शेजारी कोण बसणार हे मात्र बदलायला लोक तयार नव्हते.

आता याच प्रदेशातली दुसरी साखळी पाहा. टी. माधवराव यांचा जन्म १८२८ सालचा, कुंभकोणमचा. घराणे तंजावरच्या मराठी देशस्थ ब्राह्मणांचे, वडील त्रावणकोरचे दिवाण राहिलेले. मद्रासच्या सरकारी हायस्कुलात त्यांना एअर बर्टन पॉवेल हे शिक्षक मिळाले. पॉवेल केंब्रिजच्या गणित परीक्षेत रँग्लर झालेले, विषयात मुरलेले गृहस्थ. त्यांच्या हाताखाली माधवराव इतके तयार झाले की काही काळ पॉवेल यांच्या जागी त्यांनीच गणित आणि भौतिकशास्त्र शिकवले. पुढे ते त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झाले.

बडोद्यात त्यांच्यासमोर आला तो नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावचा, शेतकरी घरातला, बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळखही धड नसलेला मुलगा. १८७५ साली दत्तक जाऊन तो सयाजीराव गायकवाड झाला. त्याला शिकवायला इलियट हा सनदी अधिकारी नेमला गेला, आणि गादीचा कारभार हाती येण्याच्या वेळी खुद्द माधवरावांनी राज्यकारभारावर त्याला इंग्रजीतून व्याख्याने दिली. ती 'मायनर हिंट्स' या नावाने छापली गेली. बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात केलेला हा मुलगा सहा-सात वर्षांत राज्यशास्त्रावरची इंग्रजी व्याख्याने ऐकू लागला. शिक्षकाला विषय येत असेल आणि तो मनापासून शिकवत असेल तर 'उशीर झाला', 'घरात वातावरण नाही' ही कारणे किती पोकळ ठरतात, ते इथे दिसते. आणि याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

या साखळीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. चांगला शिक्षक काय घडवू शकतो हे एक. आणि तसा शिक्षक मिळण्यासाठी माधवरावांना दिवाणाच्या घरी जन्म घ्यावा लागला, सयाजीरावांना दत्तक जावे लागले, हे दुसरे. कवळाण्याच्या इतर मुलांना कुणी इलियट मिळाला नाही. राजवाड्यातला हा शिक्षक जिल्हा परिषदेच्या वर्गात कसा आणायचा, हा आपला प्रश्न आहे.

महाराष्ट्रात २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. तोवर मराठी शाळांत ती पाचवीपासून होती. बहुजनांच्या मुलांना इंग्रजी उशिरा देणे हा अन्याय होता, आणि तो दूर करण्याचा निर्णय योग्यच होता. पण विषय चार वर्षे आधी आला, विषय येणारा शिक्षक त्याच्यासोबत आला नाही. सगळे विषय शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला थोडे प्रशिक्षण देऊन वर्गात उभे केले गेले. ज्याला स्वतःला पाचवीपासून, तेही भाषांतराच्या पद्धतीने, इंग्रजी मिळाली होती, त्याने ती पहिलीच्या मुलांना बोलून शिकवावी अशी अपेक्षा ठेवली गेली. यात दोष त्या शिक्षकाचा नाही. त्याला जे दिलेच नाही ते तो पुढे कुठून देणार?

शिक्षक निवडण्याची आपली चाळणीही पाहून घ्या. शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, ज्या मार्गदर्शक तत्त्वांवर उभी आहे ती राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने फेब्रुवारी २०११ मध्ये काढली. सहावी ते आठवीच्या शिक्षकाचा पेपर १५० गुणांचा. त्यात बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०, आणि उरलेले ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांचे. मग ज्याला इंग्रजीच शिकवायची आहे त्याने काय करायचे? त्यानेही या दोहोंपैकी एक निवडायचे. म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकाची इंग्रजी ३० गुणांत तपासायची आणि भूगोल-इतिहास ६० गुणांत. उत्तीर्ण होण्याचा निकष एकूण गुणांवर. भाषेत वेगळे किमान गुण मिळवण्याची अट या तत्त्वांत नाही. सगळे प्रश्न चार पर्यायांचे. इंग्रजीत एक परिच्छेद न लिहिता, एक वाक्य न बोलता माणूस इंग्रजीचा पात्र शिक्षक ठरू शकतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्र आणि तमिळनाडूतल्याच प्रकरणांवर निकाल देताना, सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी आवश्यक ठरवली. परीक्षा कुणी द्यायची यावर तेव्हापासून पुष्कळ बोलले गेले. ती परीक्षा नेमके काय तपासते, यावर फार कमी.

मग इंग्रजीच्या शिक्षकाला येण्यासारखे असे आहे तरी काय? एक साधे उदाहरण घेऊ. मूल वहीत लिहिते, 'आय हॅव कम यस्टर्डे'. विषय न येणारा शिक्षक लाल रेघ मारतो आणि 'चूक' म्हणतो. विषय येणाऱ्याला ठाऊक असते की मराठीत 'मी कालच आलो आहे' हे वाक्य अगदी बरोबर आहे. मुलाने आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळला आहे. इंग्रजीत मात्र 'हॅव'चे हे रूप संपून गेलेल्या ठराविक वेळेसोबत नांदत नाही. एवढे सांगितले की मुलाला दोन गोष्टी कळतात: नियम काय आहे, आणि आपण मठ्ठ नाही. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कमी महत्त्वाची नाही. ज्या समाजांना 'तुमच्या डोक्यात शिरणार नाही' असे शतकानुशतके सांगितले गेले, त्यांच्या मुलाला त्याच्या चुकीमागचे कारण समजावून देणे ही आत्मसन्मानाची कृती आहे.

मराठीत 'द' आणि 'अ'सारखी उपपदे नाहीत, म्हणून मूल ती गाळते किंवा सगळीकडे पेरते. आपल्याकडे 'व' एकच आहे, इंग्रजीत त्याचे दोन ध्वनी आहेत. 'शिप' आणि 'शीप' लिहिताना आपण फरक करतो, पण बोलताना आपली ह्रस्व-दीर्घाची सवय सैल असते. ज्या मुलाच्या घरी अहिराणी, गोरमाटी, गोंडी किंवा कोरकू बोलली जाते, त्याच्यासाठी प्रमाण मराठी हीच एक पायरी आहे आणि इंग्रजी त्यापुढची. हे सगळे शिक्षकाला ठाऊक असायला हवे, कारण चूक कुठून येते हे त्याशिवाय कळत नाही.

स्पेलिंगचेच घ्या. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दात न उच्चारला जाणारा 'बी' का आहे? जुन्या इंग्रजीत तो लिहिला जात नव्हता. या शब्दाचे मूळ लॅटिन आहे हे दाखवण्यासाठी पंडितांनी तो मागाहून घुसवला. हे ऐकून मराठी वाचकाला हसू येईल. आपल्याकडेही तत्सम शब्दांचे ह्रस्व-दीर्घ बोलण्यावर ठरत नाहीत, संस्कृत मुळावर ठरतात, आणि त्या 'शुद्धलेखना'च्या नावाने कोण कुणाला अशुद्ध म्हणत आले हे आपण जाणतो. स्पेलिंग पाठ करावे लागतेच, त्यातून सुटका नाही. पण ते निसर्गनियम नसून माणसांनी, बहुतेक वेळा वरच्या माणसांनी, ठरवलेली रीत आहे, हे कळले की त्याचा धाक संपतो. धाक संपला की ते पाठ करणेही सोपे जाते.

आणि आता तो धडा, जो प्रत्येक शाळेत शिकवला जातो: कर्तरी वाक्याचे कर्मणी करा. 'रामाने रावणाला मारले' याचे 'रावण रामाकडून मारला गेला'. दोन गुण. हा प्रयोग भाषेत असतो कशासाठी, हे सांगणारा शिक्षक विरळा. कर्मणी प्रयोगाची एक मोठी सोय अशी की त्यात कर्ता गाळता येतो.

तंजावरचेच उदाहरण घेतो. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या कीळवेण्मणी गावात ४४ दलितांना, त्यातल्या बहुसंख्य बायका आणि मुलांना, एका झोपडीत कोंडून जाळण्यात आले. शेतमजूर वाढीव मजुरी मागत होते, संघटित झाले होते. खटला चालला. पुढे मद्रास उच्च न्यायालयातून जमीनदार निर्दोष सुटले. मोटारी बाळगणारी अशी सधन माणसे स्वतः पायी चालत जाऊन आग लावतील, हे न्यायालयाला पटण्यासारखे वाटले नाही. तो निकाल इंग्रजीत आहे. '४४ माणसे जळाली', '४४ माणसे जाळली गेली' आणि 'जमीनदारांच्या माणसांनी ४४ दलितांना जाळले' या तीन वाक्यांतला फरक हा व्याकरणाचा फरक आहे. पहिल्यात आग आपोआप लागते, दुसऱ्यात लावणारा गायब आहे, तिसऱ्यात तो उभा आहे. पोलीस अहवाल, वर्तमानपत्र, निकालपत्र वाचताना 'कर्ता कुठे गेला?' हे विचारता येणे म्हणजे कर्मणी प्रयोग कळणे. हे शिकवायला शिक्षकाला व्याकरण मुळापासून यावे लागते. गाईडमधल्या तक्त्याने भागत नाही.

इथे एक आक्षेप येणार, आणि तो आपल्याच माणसांकडून येणार. विषयज्ञानाची मागणी म्हणजे 'मेरिट'वाल्यांच्या हाती काठी देणे नव्हे का? उद्या हेच म्हणतील की आरक्षणातून आलेल्या शिक्षकाला इंग्रजी येत नाही. ही भीती अनाठायी नाही. पण तिचे उत्तर विषयाकडे पाठ फिरवण्यात नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत असेही सांगितले, आणि ते नीट प्रशिक्षित असावेत, त्यांना बरा पगार असावा असेही सांगितले. त्यांच्या लेखी प्रतिनिधित्व आणि पात्रता यांत भांडण नव्हते. सावित्रीबाईंनी स्वतः अहमदनगर आणि पुण्यात अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. इंग्रजी शिकण्याचा आग्रह त्यांनी आपल्या कवितेत धरला, तोही शिकवण्याचे कष्ट जाणून.

'मेरिट'वाले ज्याला इंग्रजी म्हणतात ती बहुतेकदा विषयाची जाण नसते. ती असते घरातून मिळालेली सफाई: उच्चाराची लकब, योग्य ठिकाणी टाकलेले दोन शब्द, न बिचकता बोलण्याची सवय. ही मालमत्ता वारशाने येते. व्याकरण, ध्वनिशास्त्र, भाषेचा इतिहास, साहित्याचे वाचन यांचे तसे नाही. ते कुणाच्याही घरी जन्मतः येत नाही. पुस्तकातून, मेहनतीने मिळवावे लागते. तिथे तीन पिढ्यांचे इंग्रजी घराणे आणि पहिल्या पिढीचा पदवीधर यांच्यातले अंतर सर्वात कमी असते. उच्चारावर माणूस तोलायचा ठरवला तर आपण सुरुवातीलाच मागे आहोत. विषयावर तोलायचा ठरवला तर ही लढत जिंकण्याजोगी आहे. १९१८ साली डॉ. आंबेडकर सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवू लागले तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावण्यावर सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. त्यांची व्याख्याने ऐकायला मात्र दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही येऊ लागले. विषय आला म्हणून माठाची शिवाशिव संपली नाही. पण वर्गात त्यांची जागा कुणाला नाकारता आली नाही.

तेव्हा मागायचे काय? सहावीपासून पुढे इंग्रजीसाठी इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळवलेला शिक्षक. भाषाशिक्षकासाठी टीईटीत ६० गुणांचा स्वतंत्र भाषा विभाग, ज्यात लिहिणे आणि बोलणेही तपासले जाईल. आणि सेवेतल्या शिक्षकांसाठी तीन दिवसांच्या चहा-बिस्किटांच्या शिबिराऐवजी, पगारी रजेसह, निदान काही महिन्यांचे विषयाचे शिक्षण. १९५८ साली हैदराबादला इंग्रजी शिक्षकांच्या तयारीसाठीच केंद्रीय संस्था उभी राहिली, जी आज विद्यापीठ आहे. तशी सोय जिल्ह्याच्या ठिकाणी का नसावी, हा प्रश्न आमदारापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना विचारायला हवा. परीक्षा कडक करायची आणि शिकण्याची सोय करायची नाही, हा मात्र जुनाच खेळ आहे. त्याला विरोधच व्हायला हवा.

सरकारची वाट न पाहता करण्यासारखेही बरेच आहे, कारण या सदराच्या वाचकांपैकी अनेकजण स्वतः शिक्षक आहेत किंवा होणार आहेत. उच्चारखुणा असलेला एक चांगला शब्दकोश आणि व्याकरणाचे एक जाड पुस्तक घरात असू द्या. तालुक्यातल्या चार-पाच शिक्षकांनी महिन्यातून एकदा बसा. प्रत्येकाने मुलांच्या वह्यांतल्या दहा चुका आणाव्यात आणि प्रत्येक चुकीचे कारण शोधावे: मुलाची भाषा इथे काय करते, इंग्रजी काय करते? वर्षभर हे केले तर आपल्या मुलांसाठी इंग्रजीचे असे व्याकरण तुमच्या हाती येईल, जे कोणत्याही गाईडात नाही. स्वतः दर आठवड्याला एक पान इंग्रजीत लिहा आणि एकमेकांचे तपासा. डॉ. आंबेडकरांचे कोणतेही एक भाषण मूळ इंग्रजीत घ्या आणि त्यातले एकेक वाक्य उघडून पाहा: कर्ता कुठे आहे, जोर कुठे पडतो, 'बट' कुठे येते.

श्वार्ट्झला इंग्रजी वारशाने मिळाली नव्हती. ती त्याने शिकून घेतली, आणि मग राजाला शिकवली. आपल्याला ती राजाला शिकवायची नाही. पाड्यावरच्या, तांड्यावरच्या, वस्तीवरच्या ज्या मुलाला शाळेच्या तासाशिवाय दुसरी इंग्रजी मिळणार नाही, त्याला शिकवायची आहे. त्याचा शिक्षक राजाच्या शिक्षकापेक्षा कमी तयारीचा असून चालणार नाही.